शिरूरचं दुखणं, दौंडचा दवाखाना

गुरुवारी रांजणगावच्या कंपन्यांना सुट्टी असते. त्या दिवशी आमच्या शिरूरची निम्मी माणसं लग्नाला जातात आणि निम्मी दवाखान्यात. मी घरी लग्नाला चाललो म्हणून सांगितलं आणि दवाखान्याला निघालो. वय अठ्ठावीस, लग्नाला दीड वर्ष झालेलं, आणि नवरा-बायकोत जे व्हायचं ते माझ्याच्यानं एकदाही झालेलं नाही. ऐन वेळी शरीर साथ सोडतं. झालं, सांगून टाकलं. हे एवढं वाक्य बोलायला मला दीड वर्ष लागलं.

शिरूरला दवाखाने काय कमी आहेत? पण प्रत्येक ठिकाणी केसपेपर काढायला ओळखीचंच कुणीतरी बसलेलं. तापासाठी गेलं तर ठीक, बाकी कशाला गेलं की आपण घरी पोचायच्या आत बातमी चुलीपाशी जाऊन बसते. म्हणून दौंड.

निघताना माझी बायको शीतल मोरीत भांडी घासत होती. घरात खरं काय ते तिला एकटीलाच ठाऊक. मूल होत नाही म्हणून माझी आई तिला वर्षभर बायकांच्या डॉक्टरकडे नेत होती. गोळ्या झाल्या, सुया झाल्या, आणि आता सोमवारी भूल देऊन पोटात दुर्बीण घालून बघायचं ठरलं होतं. त्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा 'आमचं सगळं ठीक आहे' असं तिनंच सांगितलं होतं, माझी अब्रू झाकायला. मान वर न करता ती म्हणाली, "आज तरी जावा." याआधी दोनदा मी चौकापर्यंत जाऊन परत आलो होतो.

चौफुल्याच्या एस.टी.त शेजारी एक आबा बसले, मांडीवर कपड्यांचं बाचकं घेऊन. बूड टेकायच्या आत त्यांनी विचारलं, कुठलं गाव पाव्हणं? आपल्याकडे आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग मामाचं आडनाव, आणि तिथं नातं निघतंच. म्हणून मी ठोकून दिलं, न्हावऱ्याचा. काय ही अक्कल! गाडी त्याच रस्त्याची. न्हावरं आलं, कंडक्टरनं बेल मारली, माणसं उतरली, गाडी सुटली, आणि मी आपला खिडकीबाहेर बघत बसलेला.

"पाव्हणं, तुमचं गाव गेलं की," आबा म्हणाले.

बहिणीकडे चाललोय दौंडला, असं मी सांगितलं. मला बहीण नाही.

पारगावच्या पुलावरून खाली भीमा दिसते. दोन्ही काठांना ऊस आणि मधे पाणी, बघण्यासारखं आहे. मी ते धड बघितलं नाही, कारण तोवर आबा लग्न कधी झालं आणि पोरं किती यावर आले होते. पोर नाही म्हटल्यावर त्यांनी विचारसुद्धा केला नाही. मालकिणीला दाखवा की कुणाला तरी, म्हणाले, आता लई औषधं हायती. त्यांच्या सुनेला कुठं गुण आला तो पत्ताही दिला. दोष माझ्यातही असेल, हे त्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. आणि मी मान डोलावली. आबांपेक्षा मला त्या मानेची चीड जास्त येते.

चौफुल्याला उतरून भेळ खाल्ली. भेळ झकास होती, कांदा सढळ हातानं घातलेला. पलीकडे रस्त्याकडेला एक तंबू होता, बाहेर पैलवानाचं चित्र आणि 'गेलेली ताकद परत' असा फलक. आत बसलेल्या वैद्याला स्वतःचा खोकला आवरत नव्हता. त्यानं माझी नाडी धरली, डोळे मिटले आणि विचारलं, लहान वयात चुका केल्या होत्या? आता याला नाही म्हणणारा पुरुष दौंड तालुक्यात सापडला तर त्याचा सत्कार करावा. मी हो म्हणताच त्यानं माझ्या नसा सुकल्याचं जाहीर केलं आणि पाण्यातून एक तपकिरी पूड प्यायला दिली. कंपनीत मशीनमध्ये तेल घालताना मी डब्यावरचं नाव दोनदा वाचतो. इथं मात्र बिननावाची पूड घटाघटा प्यालो, वर एक पुडी खिशात घातली.

दौंडच्या जीपमध्ये बसलो तोवर बरा होतो. पाटसजवळ कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागे जीप रखडली आणि तोंडाची आग व्हायला लागली. डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड. खाली उतरून सगळी भेळ रस्त्याकडेला ओकलो. एका मावशींनी पाणी दिलं आणि पित्त झालंय म्हणाल्या. माझ्या पित्ताची सगळ्या जीपला काळजी, कारण पित्त चारचौघांत सांगता येतं.

दौंडात रेल्वेच्या भोंग्यांनी डोकं आणखीच उठलं. दवाखाना स्टेशनपासून जवळ होता. आत गेलो तर डॉक्टर म्हणून बाई बसलेल्या, पन्नाशीच्या. मी मागं फिरणार, तोवर त्यांनी माझी अवस्था बघून हाक मारली. त्यांनी आधी झोपवलं, रक्तदाब बघितला, पुडी मागितली आणि हुंगून केराच्या टोपलीत टाकली. असल्या पुडीत ताकदीच्या इंग्रजी गोळ्या कुटून घातलेल्या असतात, हृदयाचं काही असतं तर इथवर पोचला नसता, म्हणाल्या. मग झोप किती, कंपनीतल्या पाळ्या कशा, तंबाखू किती, सकाळी उठताना काय होतं, सगळं विचारलं, आमचा सुपरवायझर मशीनची तक्रार विचारतो तसं. रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. तरुण वयात हे पुष्कळांना होतं, भीती आणि जागरणही कारण असतं, उपाय आहेत, पुढच्या वेळी बायकोला घेऊन या, म्हणाल्या.

"घरी काय सांगितलंय?"

मी सोमवारच्या दुर्बिणीचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे दुखणं तुमचं आणि भूल तिला?"

एवढ्या प्रवासात माझ्याशी खरं बोललेलं हे पहिलं माणूस. मला तिथंच रडू आलं.

परतीच्या गाडीत कुणी काही विचारलं नाही. वैद्याला, आबांना मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या, आणि शिरूर जवळ आलं तसं वाटलं, शीतलचं त्यांनी काय वाकडं केलं होतं? शीतलच्या गोळ्यांचं पाकीट दर महिन्याला मेडिकलमधून मीच आणत होतो.

घरी आलो तेव्हा दारं-खिडक्या उघड्या होत्या. आई ओट्यावर बसून सोमवारी शीतलला किती वाजता उपाशी न्यायचं ते मला सांगायला लागली. मी चप्पलसुद्धा काढली नाही. तिला कुठंही न्यायचं नाही म्हणालो. तिच्यात काही खोट नाही, आमच्यात अजून काही झालेलंच नाही, दोष माझा आहे आणि मी आज त्यासाठीच डॉक्टरकडं जाऊन आलोय.

आईचा चेहरा उतरला. तिनं आधी खिडकीकडं बघितलं.

"हळू बोल रं. शेजारी ऐकत्याल."

वर्षभर हीच आई याच ओट्यावर बसून, सुनेतच खोट हाय असं फोनवर मावशीला ओरडून सांगत होती. तेव्हा शेजारी बहिरे होते काय? मी हे बोलणारच होतो.

शीतल आतून दारात आली. दीड वर्षात तिचा आवाज मी एवढा मोठा ऐकला नव्हता.

"ऐकू द्या की," ती म्हणाली. "माझंबी सगळ्यांनी ऐकलंच होतं."

सोमवारी आम्ही दोघं दौंडला गेलो.