समुद्र बंद होता तेव्हा

ओमानच्या उत्तरेला, मुसंदमच्या टोकाला असलेल्या त्या गावात मी नर्स म्हणून गेले तेव्हा माझी मुलगी नऊ वर्षांची होती. ती आणि माझा नवरा मस्कतजवळ अल खौदला राहायचे; तो जवळच्या बरका गावातल्या एका गॅरेजात कामाला. मी होते त्या गावाला रस्ताच नव्हता. तीन बाजूंनी उभे डोंगर, चौथीकडे समुद्र. जाणं-येणं फक्त बोटीनं. सपाट जागा इतकी थोडी की घरांच्या दारातच कबरी होत्या. कोळी लोक आपसात स्वतःची वेगळी भाषा बोलत. माझ्याशी अरबी, तीही मला निम्मीच कळे.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. आई तिथल्या मिशनच्या दवाखान्यात आया होती. फार पूर्वी आलेल्या पहिल्या मडमबाईंची ऐकीव गोष्ट ती हसत सांगायची. बाई धर्म सांगायला आल्या, पण मराठी धड येईना. संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करून व्हरांड्यात बसायच्या आणि पोरं त्यांची नक्कल करायची. या गावात आल्यावर मला त्या गोष्टीचं हसू येईनासं झालं.

हिवाळ्यात वारा सुटला आणि नवऱ्याचा फोन आला. "पोरीला अपेंडिक्स आहे म्हणतात. आज ऑपरेशन. तू नीघ."

बॅग घेऊन मी किनाऱ्यावर धावले. बोटवाला बोट वर ओढत होता.

"सिस्टर, समुद्र बंद."

"माझी मुलगी आजारी आहे हो!"

"माझा भाऊ अशाच वाऱ्यात गेला, परत आला नाही," तो म्हणाला. "उद्या, इन्शाल्ला."

दुसऱ्या दिवशीही तेच. मी घरांमागच्या घळीतून वर चढत गेले. पुढे नुसती दगडाची भिंत. तिथे बसून पोटभर रडले आणि परत आले, कारण दवाखान्यात माणसं खोळंबली होती.

शेजारची म्हातारी रोटी आणि सुकी मासळी घेऊन आली. मी प्रार्थना करत होते. ती संपेपर्यंत थांबली.

"बिंती," ती मला मुलगीच म्हणायची, "आमची नमाज शिक. मी शिकवते. मन शांत होईल."

"खाला, मला माझी प्रार्थना येते."

"मग रडतेस कशाला?"

मी तिची रोटी मोडायला घेतली. ती रोज यायची, तेच सांगायची, उठायची नाही. तिला मनापासून मला वाचवायचं होतं, आणि मला फक्त ती जायला हवी होती.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, डोन्ट वरी. मी बरी झाली. डॅडा आहे ना."

वारा पडला तोवर ती दवाखान्यातून घरी आली होती. घरी पोचल्या पोचल्या मी नवऱ्याला म्हटलं, "मी परत जात नाही."

"पोरीचा व्हिसा तुझ्या नोकरीवर आहे," तो एवढंच म्हणाला.

मुलीनं टाके दाखवले, मग विचारलं, "तू कधी जाणार?" जाऊ नको म्हणेल असं मला वाटलं होतं.

आठवड्याच्या आत मी पुन्हा त्याच बोटीत होते. म्हातारी दारातच बसलेली.

"मुलगी?"

"बरी आहे."

"अल्हम्दुलिल्ला. रोज दुआ मागत होते तिच्यासाठी."

मी तिचा हात हातात घेतला. मग आत गेले आणि कडी लावून घेतली. बदली मिळायला आणखी दोन वर्षं लागली.