सायलीची चप्पल आणि बी-ट्वेल्व

डॉक्टरांनी ट्युनिंग फोर्क, म्हणजे ठोकल्यावर थरथरणारा स्टीलचा चिमटा, माझ्या लेकीच्या पायाच्या अंगठ्याला टेकवला आणि विचारलं, "थरथर जाणवतेय?"

"कसली थरथर?" सायली म्हणाली.

अकरावीतली पोर आणि पायाला काही कळत नाही!

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पुढे ओढला. "बी-ट्वेल्व डेफिशियन्सी आहे. म्हणजे बी-१२ हे जीवनसत्त्व फारच कमी झालंय. त्यामुळे न्युरोपथी झाली, नसा बधिर झाल्या."

"पोरगी नीट चालेल ना?"

"वेळेत आलात. बहुतेक चालेल."

त्या 'बहुतेक'वर मी पुढचे दिवस काढले.

सुरुवात चपलेपासून झाली होती. आकुर्डीच्या कॉलेजातून येताना सायलीच्या पायातली चप्पल निसटायची आणि तिला पत्ताच नसायचा. आम्हाला त्याचं नवल नव्हतं. माझे सासरे एक पाय अनवाणी घेऊन घरी यायचे. चाकणला कंपनीत मिस्टरांच्या पायात सेफ्टी शूज असतात म्हणून निभतं. घरी चप्पल घातली की तीच गत. लग्नकार्यात नणंदा मुद्दाम सगळ्यांचे पाय तपासायच्या. विसराळू घराणं, असं मी माहेरी सांगून ठेवलं होतं.

मग सायली जिन्यावरून पडली आणि हसणं थांबलं. एमआरआय, म्हणजे चुंबकाच्या यंत्रातून मणक्याचे फोटो काढले. वेटिंग रूममध्ये मिस्टर शिफ्ट संपवून तसेच युनिफॉर्मवर येऊन बसले. मणका ठीक निघाला, म्हणून रक्त तपासलं.

डॉक्टरांनी खाणं विचारलं. पिंपल्स येतात असं मोबाइलवर कुणी सांगितलं, म्हणून बाईसाहेबांनी दूध-दही सोडलेलं. सकाळी कोरा चहा-खारी, दुपारी वडापाव. घरात सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मटण-अंड्याचा प्रश्नच नाही.

मिस्टरांचा हात गळ्याकडे गेला. "माळ उतरवावी लागेल का ओ, डॉक्टर?"

"अजिबात नाही. इंजेक्शनं घ्यायची, मग गोळ्या. दूध-दही पुन्हा सुरू करा. घरात आणखी कुणाला असा त्रास?"

मी चपलांचा किस्सा रंगवून सांगितला. डॉक्टर हसले नाहीत. "काही घराण्यांत हे जीवनसत्त्व शोषून घ्यायची ताकद जन्मतःच कमी असू शकते. त्यात खाण्यातूनही मिळालं नाही, की असं होतं. भाऊ, तुमचंही रक्त तपासा."

मिस्टरांचंही बी-१२ कमीच निघालं. सासरे आज असते तर त्यांनाही हाताला धरून नेलं असतं.

इंजेक्शनं दुखायची. सायली कुरकुरायची आणि बाप तिच्याहून जास्त. हळूहळू पायांचा बधिरपणा कमी झाला. तुमच्याही घरात पायांवरून असा विनोद चालत असेल, तर आधी रक्त तपासा, मग हसा. आम्हाला ते डॉक्टर वेळेत भेटले, त्यांचं भलं होवो.

परवा आळंदीहून परतताना बस दिसली म्हणून आम्ही धावत सुटलो. मागून सायली ओरडली, "आई, थांब गं! चप्पल निघाली माझी!"

तिला कळलं! मी रस्त्यातच रडायला लागले. ती आरामात मागे गेली, चप्पल पायात सरकवून आली.

"बस गेली की गं," मिस्टर म्हणाले.

"जाऊ द्या ओ," मी म्हटलं.