कॉमेंट्रीवाले दाजी

आमच्या दाजींनी वीस वर्षं एकही सामना जसा झाला तसा सांगितला नाही, आणि तरीही केज तालुक्यात त्यांच्याइतकं मन लावून ऐकलं गेलेलं दुसरं माणूस मला माहीत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंदा मोटार वायंडिंगचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्या दुकानात येतात, दाजी आतली काळी पडलेली तार उपसून काढतात आणि नवी तांब्याची तार भरतात. या कामात बोलायची काडीची गरज नसते. इतक्या मुक्या धंद्यात इतका बोलका माणूस कोणी घातला, हे कोडं मला माझ्या बहिणीच्या लग्नापासून पडलेलं आहे.

त्यांची सुरुवात झाली धर्मापुरीच्या जत्रेत. कुस्त्यांच्या मैदानावर जनरेटर बंद पडला म्हणून दाजींना बोलावलं होतं. त्यांनी जनरेटर सुरू केला, भोंगा वाजतो का हे बघायला माईक हातात घेतला, ‘हॅलो, हॅलो’ केलं, आणि तो माईक पुढची बावीस-तेवीस वर्षं परत दिला नाही. ज्यांना कुस्त्या पुकारायच्या होत्या ते गृहस्थ संध्याकाळपर्यंत शेजारी हात पुढे करून उभे होते. आखाड्यात दोन पैलवान कपाळाला कपाळ लावून वीस मिनिटं नुसते उभे होते. दाजींच्या कॉमेंट्रीत मात्र तेवढ्या वेळात दोनदा धोबीपछाड झाली, तीनदा पट निघाला, एकदा भूकंपासारखी माती हादरली आणि मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला भोवळ आली. त्यातला एक पैलवान शेवटी मान वर करून भोंग्याकडे बघायला लागला. आपण नक्की काय करतोय ते त्यालाही ऐकायचं होतं. तो बघतोय तोवर दुसऱ्यानं त्याला चितपट केलं. हरलेल्या गावची मंडळी दाजींना शोधत फिरत होती, आणि दाजी जनरेटरमागे बसून मला सांगत होते, “पाव्हणं, बघितलं का? बोलन्यात किती ताकद आसती!”

तिथून त्यांना आमंत्रणं येऊ लागली. कुस्ती, कबड्डी, टेनिस बॉलचं क्रिकेट, काहीही. दाजींनी यातला एकही खेळ स्वतः खेळलेला नव्हता आणि नियम विचारण्याचा हलकेपणा त्यांनी कधी केला नाही. सामन्याच्या दिवशी सकाळपासून ते गूळ आणि सुंठ चघळत, कोणाशी बोलत नसत. त्या दिवसाची आक्का, म्हणजे माझी बहीण, वर्षभर वाट बघायची. माईक हातात आला की ते डोळे मिटत. मी एकदा म्हटलं, “दाजी, निदान डोळे तरी उघडे ठेवा.” तर म्हणाले, “डोळं उघडलं की मधी मधी येतंय.” काय मधे येतं, हे मी विचारलं नाही. बहुधा सामना.

माजलगावला एकदा त्यांनी एका फलंदाजाचा चेंडू थेट धरणात पाडला. धरण मैदानापासून कित्येक मैल लांब. पण दाजींनी त्याचा ‘डुबुक’ असा आवाजही काढून दाखवला, आणि दोन क्षेत्ररक्षक खरोखर त्या दिशेला चार पावलं पळाले. ही सवय पुढे माईकविनाही लागली. आक्का भाकरी थापायला बसली की हे उंबऱ्यात बसून सुरू: “डाव्या हातानं पीठ दाबलंय, उजव्यानं फिरवलंय, आन् मंडळी, भाकरी तव्याकडं झेपावली!” आक्का म्हणायची, “आता उलथनं झेपावंल.” माझ्या लग्नात त्यांनी शुभेच्छा देतो म्हणून माईक घेतला आणि अंतरपाट दूर होण्याचं वर्णन असं केलं, की माझ्या सासरच्यांना वाटलं मुलगी हरली. केजच्या स्टँडवर तर एकदा एसटी आणि प्रवासी भरलेली वडाप जीप एकाच वेळी निघायच्या बेतात होत्या. दाजी चहाच्या टपरीवरून नुसते सहज बोलत होते, की आता कोण आधी सुटतं बघा, एसटीनं धूर सोडलाय, जीपवाला घाबरलाय. एसटीच्या ड्रायव्हरनं ते मनावर घेतलं आणि गाडी सोडली. कंडक्टर खाली बिडी ओढत होता. त्याला त्याच जीपमधून पाठलाग करत जावं लागलं.

असं सगळं सुखानं चाललं असतं, पण कॅमेरे आले. सामने मोबाइलवर थेट दिसू लागले. ज्या माणसानं वीस वर्षं लोकांना डोळ्यांनी दिसणाऱ्यापेक्षा चांगलं दाखवलं, त्याच्या आवाजाच्या खाली आता प्रत्यक्ष घडलेलंही दिसायला लागलं. एका सामन्यात दाजींनी गगनभेदी षटकार मारला, तेव्हा चित्रात फलंदाज आऊट होऊन बॅट काखेत मारून निघाला होता. एवढा तुकडा कापून कोणीतरी सगळीकडे पाठवला. आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या ग्रुपवर तो मला दिवसात सात वेळा आला आणि मी, खोटं कशाला बोलू, तीन वेळा हसलो. पुढच्याच महिन्यात आयोजकांनी दाजींचा जाहीर सत्कार केला. आमच्याकडे माणसाला काढून टाकायचं असलं की आधी शाल घालतात. फेटा, शाल, नारळ, ‘आमच्या मैदानाचा आवाज’ असं लिहिलेली काचेची चौकट, आणि त्यानंतर लगेच बाहेरगावाहून आणलेल्या एका तरुण कॉमेंटेटरची ओळख. तो तीन भाषांत बोलायचा आणि दर दोन वाक्यांमागे एक बटण दाबून शिंगासारखा आवाज काढायचा. दाजी शाल अंगावर घेऊन पूर्ण सामना बसून राहिले. घरी आले आणि बोलेनासे झाले.

आठवडा गेला, महिना गेला. दुकानात तार भरत बसायचे. गिऱ्हाईक विचारायचं, “कधी मिळंल?” तर बोटांनी दोन दिवस दाखवायचे. आक्काचा मला फोन आला. “का बोलनात ह्ये? काल भाकरी करपली तरी न्हाई बोलले रे.” तिचा आवाज रडवेला होता. मी गेलो, बसलो, काहीबाही बोललो. दाजी हं हं करत राहिले. मला त्या तीन वेळा हसण्याची फार लाज वाटली.

मी तिथे बसलेलो असतानाच तो फोन आला. केजजवळच्याच एका वस्तीवरचा माणूस, ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकात गेलेला. त्याची मुलगी आमच्याच शाळेत, कबड्डीच्या संघाची कप्तान, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या मैदानावर अंतिम सामना. दाजींनी फोन स्पीकरवर टाकला होता.

“दाजी, हितं फडात चित्र दिसत न्हाई. निस्तं गोल गोल फिरतंय. पर बोललेलं ऐकू येतंय. उद्या तुमी सांगा की फोनवर.”

“मला काढलंय रे,” दाजी म्हणाले. महिन्यातलं त्यांचं ते सगळ्यात लांब वाक्य.

“तिथून काढलंय. हितून कुठं काढलंय?”

दुसऱ्या दिवशी दाजी मैदानाच्या कोपऱ्यात, लिंबाखालच्या बाकावर फोन घेऊन बसले. मी शेजारी. माईकवर शिंग वाजत होतं. पलीकडे टोळीतली पंधरा-वीस माणसं कोयते खाली ठेवून फोनभोवती बसली होती. दाजींनी डोळे मिटले आणि सुरुवात केली, “मंडळी, मैदानात वाघीण उतरलेली हाय, तिच्या पावलांनी धरणी...”

“दाजी,” पलीकडून तो म्हणाला, “वाघीन ऱ्हाऊ द्या. तिच्या गुडघ्याला मागं लागलंतं. लंगडती का ती?”

दाजी थांबले. डोळे उघडले. फोन कानाशी धरून ते उठून उभे राहिले आणि मैदानाकडे बघू लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना खेळ बघताना प्रथमच पाहत होतो.

“डावा पाय जरा जपून टाकतीय,” ते हळू म्हणाले.

“पट्टी हाय का?”

“हाय. पांढरी. वरून घट्ट बांधलीय.”

मग चाळीस मिनिटं ते तसंच सांगत राहिले. कोण चढाईला गेली, कोणाला हात लागला, पोरगी कधी पाणी प्यायली, कधी गुडघा दाबला. एकही विशेषण नाही. शेवटच्या चढाईला आमचा संघ एका गुणानं मागे होता आणि तीच गेली. दोघींना हात लावून वळली आणि मधल्या रेषेपाशी चौघींनी तिला घोट्यापासून धरलं. सगळा घोळका खाली आला. पंचांची शिट्टी वाजली.

“पोचला का हात?” त्यानं विचारलं.

मी दाजींकडे बघत होतो. अशा जागी त्यांनी आजवर किती हात पोचवले होते!

“न्हाई. वीतभर अलीकडं ऱ्हायला.”



“उठली का?”

“उठली. आपल्या पायानं चालत निघालीय.”

“बास मग,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फोनपासून लांब गेला. “चला रे, मोळ्या बांधा.” फोन बंद झाला. दाजी तो नंतरही कानाला धरून उभे होते.

या गोष्टीला तीन हंगाम झाले. आता दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या की दाजींना फोन येतात. कोणाचा भाचा खेळणार असतो, कोणाची मुलगी. घरी ते पुन्हा बोलतात, पण जरा बेतानं, आणि आक्का तक्रार करते की भाकरी नुसती भाकरीच झाली आहे.

गेल्या रविवारी मी कबड्डीच्या सामन्याला मैदानावर गेलो होतो. दाजी बाकावर फोनवर सांगत होते आणि मधेच अडखळले. “थांबा, मला नीट दिसलं न्हाई. पंचाला इचारून येतो.” फोन माझ्या हातात देऊन ते धोतर सावरत मैदानाकडे गेले. खेळ चालूच होता.

“हॅलो? दाजी?” पलीकडून टोळीतल्या एका बाईचा आवाज आला.

“दाजी येतायत,” मी म्हटलं. “मी त्यांचा मेव्हणा.”

“मग तवर तुमी सांगा की.”

मी पंचवीस वर्षं मराठी शिकवतो. मी मैदानाकडे बघितलं. सात पोरं इकडे, सहा तिकडे, धुरळा, पाय, हात.

“एक मुलगा... पळतोय,” मी म्हटलं.

“कोन?”

मला माहीत नव्हतं. “आन् कसा पळतोय?” बाईनं विचारलं. “हसतोय का?”

मी टाचा उंच करून त्याचा चेहरा शोधू लागलो.