वाटीभर चटणी

आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. त्यामुळे वायर असलेलं सगळं मला कळतं, असं नातेवाइकांनी धरून ठेवलं आहे. टीव्हीवर मुंग्या आल्या तरी फोन मला येतो. प्रत्यक्षात मी कोल्हापुरात एका लहानशा ऑफिसात बसून लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणायचं काम करतो. आत्याला मी ते समजावून सांगितलं होतं, "कुणी मोबाइलवर काही शोधलं की आपलं दुकान आधी दिसलं पाहिजे, एवढं बघायचं."

"म्हंजे एसटी स्टँडवर उभं राहून गिऱ्हाईक वढायचं," आत्या म्हणाली. "त्याला कॉलेज कशाला लागतंय रं?"

कॉलेजची तीन वर्षं मलकापूरहून सकाळच्या एसटीने माझा डबा तिनेच पाठवला होता. त्यामुळे असं विचारायचा हक्क तिला होता. गाडीचे कंडक्टर बदलले, पण डबा कधी चुकला नाही.

तिचं मलकापुरात मिरची कांडप आहे. उन्हाळ्यात बायका वाळवलेली मिरची, भाजलेलं खोबरं, तळलेला कांदा-लसूण घेऊन दारात बसायच्या आणि वर्षाची चटणी कुटून न्यायच्या. मग बाजारात तयार पाकिटं आली आणि दारातली गर्दी पातळ झाली. शेजारचा मोबाइलवाला गाळा मागत होता. "दिवाळी झाली की चावी देते," असं आत्याने त्याला सांगून टाकलं. सांगितलं हसत, पण त्या दिवशी तिने बंद मशीन उगाचच दोनदा पुसली.

मी म्हणालो, मला दिवाळीपर्यंत वेळ दे. तू चटणी करून ठेव, गिऱ्हाईक मी आणतो.

वेबसाइट मी मन लावून केली. भाषा तर इतकी शुद्ध लिहिली की आमच्या मराठीच्या बाईंनी शाबासकीच दिली असती. शाळेत याच बाईंनी माझ्या ‘हाय’चं ‘आहे’ आणि ‘न्हाय’चं ‘नाही’ केलं होतं, तेही वहीत लाल शाईने. ‘अस्सल कोल्हापुरी घरगुती चटणी’ असं मोठ्या अक्षरात शीर्षक दिलं, पानोपानी ‘चटणी’ हा शब्द पेरला आणि वाट बघत बसलो. महिनाभरात आकडा चढायला लागला. मी आनंदाने आत्याला फोन केला.

"आत्या, आज शंभर लोक येऊन गेले!"

"कुठं?"

"आपल्या वेबसाइटवर."

"मग दारात एक बी चप्पल कशी दिसंना?"

मी तिला धीर धरायला सांगितलं. आधी लोक बघतात, मग मागवतात, असं आमच्या धंद्यात म्हणतात. लोक बघत राहिले. मागवलं कुणीच नाही. दसऱ्याच्या सुमारास मी मलकापूरला गेलो होतो, तेव्हा पहिल्यांदा वेबसाइटवरून फोन आला. कुणी शहरातल्या बाई होत्या. आत्याने स्पीकर लावला आणि पदर सावरला, जणू त्या समोरच बसल्या होत्या.

"तुमच्या चटणीत खोबरं असतं ना?" बाईंनी विचारलं.

"असतंय की! चांगलं खमंग भाजून घालतो."

"भाजून? बरं. फ्रिजमध्ये किती दिवस टिकते?"

"फ्रिज कशाला? बरणीत दाबून ठिवा, वरीसभर हलत न्हाय."

"वर्षभर? चटणी?" मग बाई सावधपणे म्हणाल्या, "आमच्याकडे सकाळी दहा पाहुणे आहेत. माणशी एक वाटी पुरेल ना?"

"माणशी वाटी?" आत्या उठून उभी राहिली. "अवो ताई, पावण्यांनी काय केलंय तुमचं?"

पाच मिनिटांनी उलगडा झाला. बाईंना इडलीबरोबर खायची चटणी हवी होती. दोघी पोट धरून हसल्या, एकमेकींच्या सुनांची चौकशीही झाली, पण चटणी काही गेली नाही.

मी लॅपटॉप उघडला. लोक काय शोधत आपल्या पानावर आले, त्याची यादी मिळते. ती मी महिनाभर उघडलीच नव्हती, नुसता आकडा बघून खूश होत होतो. यादीत होतं: इडलीची चटणी, डोशाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, हिरवी चटणी सँडविचसाठी. माझे शंभरच्या शंभर लोक भुकेले होते आणि चुकीच्या दारात उभे होते. आम्ही ज्याला चटणी म्हणतो, त्याला बाहेरचं जग ‘कांदा लसूण मसाला’ म्हणतं. कालवणात चमचाभर घालायची लाल पूड म्हणजे चटणी, हे मला जन्मापासून इतकं ठाऊक होतं की कुणाला ते ठाऊक नसेल, असं वाटलंच नाही. माझे सगळे गावाकडचे शब्द शाळेने तपासले होते. हा तेवढा निसटला, कारण तो दिसायला शुद्ध होता.

"आत्या, नाव बदलू या. मसाला म्हणू."

"मसाला चहात घालत्यात. ही चटणी हाय."

"लोक मसालाच शोधतात गं."

"मग त्यास्नी सांग की, बाबांनो, तुम्ही ज्याला मसाला म्हणताय ती आमची चटणी. तोंड हाय न्हवं तुला?"

ती हे रागाने म्हणाली, पण मी तेच टाइप करून घेतलं. त्या दुपारी ती बोलत गेली आणि मी एक अक्षरही न सुधारता लिहीत गेलो. मिरची कुठली, कांदा किती तळायचा, रश्श्यात चटणी कधी सोडायची, सगळं तिच्या शब्दांत. शेवटी तिने बजावलं, "आणि हे बी लिव्ह, इडलीवाल्यांनी येऊ नगा." तेही लिहिलं. पानाला शीर्षक दिलं: ‘कांदा लसूण मसाला, म्हणजे आमची चटणी’.

नंतर माणसं कमी आली. आकडा खाली गेला तेव्हा ऑफिसात मी स्क्रीन जरा वळवूनच बसत होतो. पण आलेली माणसं फोन करत होती. कुणी मसाला मागितला की आत्या आधी "चटणी" असं दुरुस्त करायची, मग पत्ता घ्यायची. कुणी आपणहून चटणी म्हणालं तर संपलंच. माहेर कुठलं, मग गाव, मग भावकी. एक पुडी विकायला अर्धा तास.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवाला चावी घ्यायला आला. मी पत्ते लिहीत बसलो होतो. आत्या फोनवर कुणाचं तरी माहेर शोधत होती. तिने त्याला हातानेच बस म्हटलं. तो मिरचीच्या पोत्यावर टेकला, दोनदा शिंकला आणि फोन संपल्यावर म्हणाला, "मावशी, चावी..."

"चावी मला लागतीया आता," आत्या म्हणाली. "ह्यो खोका धर बघू घट्ट. चिकटपट्टी लावायची हाय."

त्याने मुकाट्याने खोका धरला. आत्याने दाराकडे बघितलं. दारात त्याची एकट्याचीच चप्पल होती.