गोल्डफिशच्या अंगावरचे धागे

आमच्या गोल्डफिशना रोग झाला तेव्हा त्याचं सगळं खापर मी बाबांवर फोडलं. पाच मिनिटांत फोडलं आणि तीन आठवडे तसंच राहू दिलं.

काटोलजवळची संत्र्याची बाग माझ्या मोठ्या भावाच्या हवाली करून बाबा नागपूरला आमच्या फ्लॅटवर राहायला आले, त्याला आता तीन वर्षं झाली. गुडघ्यांनी साथ सोडली होती. चौथ्या मजल्यावर त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. पेपर वाचून झाला की त्यांची सकाळ संपायची. मग त्यांना मासे सापडले. हॉलमधल्या टाकीतले पाच गोल्डफिश खरं तर माझ्या हौसेचे, पण महिन्याभरात ते बाबांचे झाले. नाश्त्याच्या पोळीचा शेवटचा कुटका ते बोटांत चुरून पाण्यात टाकायचे. ते जवळ आले की मासे काचेशी गर्दी करायचे. "पोट्टे हायत माहे," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. त्या पोळीनं पाणी गढूळ व्हायचं, काच चिकट व्हायची आणि माझा रविवार टाकी धुण्यात जायचा. मी कुरकुर करायचो, ते हसायचे.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर एका माशाच्या शेपटीजवळ पांढरट धागा लोंबताना दिसला. दोन दिवसांत तिघांच्या अंगावर तसे धागे आले, मुळाशी लाल सूज. मासे टाकीतल्या दगडांवर अंग घासत होते.

"काहून असं झालं गा?" बाबांनी विचारलं.

मला ऑफिसला उशीर होत होता आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. "तुम्ही रोज पोळी टाकून राहिले ना," मी म्हणालो. "सडते ते पाण्यात. त्याच्यानंच झालं."

त्यांच्या हातात तेव्हाही कुटका होता. तो त्यांनी ताटात परत ठेवला.

संध्याकाळी मी सीताबर्डीला माशांच्या दुकानात गेलो. मोबाइलमधला फोटो पाहताच दुकानदारानं सांगितलं की हा अँकर वर्म. परजीवी किडा, माशाच्या मांसात तोंड रुतवून बसतो. मी पोळीचा विषय काढला तर तो हसला. पोळीनं पाणी खराब होतं, हे किडे होत नाहीत. ते बाहेरूनच येतात, नव्या माशाबरोबर नाहीतर तळ्यातल्या गवताबरोबर. महिन्याभरात टाकीत नवीन काय टाकलं, असं त्यानं विचारलं.

टाकलं होतं मीच. मागच्या महिन्यात भावाकडे गेलो तेव्हा शेततळ्यातलं हिरवंगार पाणगवत पिशवीत भरून आणलं होतं, नळाखाली नावापुरतं धुऊन टाकीत लावलं होतं, आणि दुकानातून असलं गवत विकत आणणारे कसे बावळट, यावर घरात भाषणही ठोकलं होतं.

घरी येऊन मी उपचाराबद्दल सगळं सांगितलं, एवढं एक सोडून. गवत गुपचूप काढून कचऱ्यात टाकलं. कोणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही, असं स्वतःला समजावलं. तेही खोटंच. पोळी बंद झाली याचं मला बरं वाटलं होतं. काच स्वच्छ राहणार होती. एवढ्याशा सोयीसाठी मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो, आणि हे लिहितानाही मला शरम वाटते.

किडे चिमट्यानं उपटायचे होते. रविवारी सकाळी ओल्या रुमालात एक मासा धरला, पण मी झटक्यानं ओढला आणि पहिला धागा मधेच तुटला. बाबा खुर्चीतून बघत होते. ते उठले, चष्मा लावला आणि चिमटा माझ्या हातून घेतला. हयातभर जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपांवर संत्र्याचे डोळे बांधून कलमं केलेली बोटं ती. साल कुठे सुटते आणि कुठे फाटते, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी धागा अगदी मुळाशी पकडला, जराही झटका न देता ओढला, आणि किडा अख्खा बाहेर आला. त्या जागी मी कापसानं औषध लावत होतो. प्रत्येक माशाला पाण्यात सोडताना ते पुटपुटत होते, "चुकलं माहं. माफ कर गा." मी शेजारी उभा राहून कापूस भिजवत राहिलो.

नंतर पाण्यात टाकायच्या औषधाचे तीन डोस होते, आठवड्याच्या अंतरानं, कारण अंड्यांतून मागाहून निघणारे किडे पहिल्या डोसात मरत नाहीत. म्हणजे खरं बोलायलाही मला तेवढाच वेळ होता. बाबांनी खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली. पोळी पूर्ण संपवू लागले. मासे काचेशी येतात म्हणून टाकीवरून जायचं सोडून सोफ्याच्या मागून, भिंतीला धरून जाऊ लागले. बायको म्हणाली, बाबा हल्ली फार गप्प असतात, गुडघे जास्त दुखत असतील. मी हो म्हणालो.

तिसऱ्या डोसानंतर पाचही मासे चकचकीत झाले. त्या सकाळी मी पोळीचा कुटका बाबांपुढे धरला आणि टाका म्हटलं. त्यांनी हात मागे घेतला.

"नको गा. तूच टाक ते विकतचे दाणे. मले नाही समजत यातलं."

मग माझ्यानं राहवलं नाही. शेततळं, गवत, दुकानदार काय म्हणाला, आणि हे सगळं मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं, तेही सांगून टाकलं. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी चिडावं अशीच माझी इच्छा होती.

ते म्हणाले, "इथं यायच्या आधी त्या तळ्यात मासोया मीनंच सोडल्या होत्या. त्याच्यातूनच आले असतीन किडे."

तसं नाही, तुमचा यात काही संबंध नाही, हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं. ते हं हं करत राहिले, आणि माझ्या हातातला कुटका घेऊन त्यांनी स्वतःच खाऊन टाकला. सकाळचे दाणे अजूनही मीच टाकतो.