आत्या, धोतरा आणि उजवा डोळा

१. मी मैसूरला आत्याकडे गेले.
२. आम्ही नंजनगूडला शंकराच्या दर्शनाला गेलो.
३. आत्याने प्रसादाचं धोतऱ्याचं फूल उजव्या डोळ्याला लावलं.
४. मोतीबिंदू झालेल्या त्या डोळ्याने तिला बरं दिसू लागलं.
५. तिने ठरलेलं ऑपरेशन नाकारलं.

आता सविस्तर. मी पुण्यात औषधांच्या तपासणीचं काम करते. सुट्टी काढली ती या ऑपरेशनसाठी; आधी देवाला जायचं, ही आत्याची अट.

मैसूरहून नंजनगूडला बस सारख्या असतात. सकाळी कारखान्यांची वेळ टाळा, नाहीतर उभ्याने जाल. रसबाळे नावाची केळी मिळाली तर सोडू नका. आत्याने परसातला धोतरा पिशवीतून नेला होता. पुजाऱ्याने त्यातलं एक फूल परत दिलं. तिने ते चुरगळेपर्यंत डोळ्यावर दाबून धरलं. मी तेव्हा चपला शोधत होते.

जेवून स्टँडवर आलो, तर आत्याने डावा डोळा हाताने झाकला. "अय्यो, नोडु, बघ! बसचा बोर्ड वाचता येतोय! देवानं डोळा दिला गं. आता ऑपरेशन बेडा, नकोच!"

मी पाहिलं. डावी बाहुली मोहरीएवढी, उजवी वाटाण्याएवढी.

"आत्या, धोतऱ्यात अॅट्रोपिन असतं. त्याने बाहुली पसरते. तुझा मोतीबिंदू मधोमध आहे, म्हणून कडेने उजेड आत जातोय. काही दिवसांत हा अंमल उतरेल."

"धोतरा कुणाचा? देवाचाच की!"

मी परतीची बस पकडली. तिला थेट मैसूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. एकच बाहुली अशी पसरणं मेंदूच्या दुखण्याचंही लक्षण असू शकतं, आणि डोळ्यातला दाबही वाढू शकतो. दाब ठीक निघाला. त्यांनी बाहुली आकसवणारं पिलोकार्पिन घातलं. तेही एका झुडपाच्या पानांतून मिळतं. बाहुली ढिम्म. मेंदूचं दुखणं असतं तर ती आकसली असती; म्हणजे करामत धोतऱ्याचीच.

"दोन झाडांची कुस्ती," आत्या खुशीत म्हणाली, "आणि आपलं जिंकलं!"

डॉक्टर हसले. ऑपरेशन त्यांनी पुढे ढकललं, रद्द केलं नाही.

मी पुण्याला परतले. तुम्ही नंजनगूडला जाल तेव्हा धोतरा देवालाच वाहा, डोळ्याला लावू नका, आणि हात धुवा. माझ्याजवळ उरलाय तो बोर्ड वाचतानाचा आत्याचा चेहरा. काल दादाचा, आत्याच्या मुलाचा, फोन आला: ती डावा डोळा झाकून पाहते आणि पुन्हा त्यालाच बस कुठली ते विचारते.

आत्या, दादा हे तुला वाचून दाखवेल. फुलाचा अंमल उतरलाय. ऑपरेशन करायचं की नाही, ते मला येत्या शुक्रवारपर्यंत कळव.