चार बोटं वाढीव

कव्हरवाली काकूचं खरं नाव काय, असं त्या गल्लीत कुणी विचारलं असतं, तर चार जणांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं असतं. पण काकू बसते कुठं, हे मात्र पोरंसोरंही सांगत. कुलपांच्या दुकानाला खेटून असलेली एक खोली, दारात रेक्झिनच्या गुंडाळ्या उभ्या, आत मशीनची घरघर. पाण्याच्या पंपाला कव्हर, वजनकाट्याला कव्हर, दंतवैद्याच्या खुर्चीला कव्हर. "जगात उघडं असेल ते झाकायचं, हा आपला धंदा," काकू म्हणायची, "माणसांचं सोडून. त्यांचं झाकायला घेतलं तर कापड पुरायचं नाही."

नवरा ट्रकवर होता. फाटकी ताडपत्री आणून अंगणात टाकायचा नि म्हणायचा, "बघ जमतंय का." जमलं. मग त्याच्या दोस्तांच्या ताडपत्र्या आल्या, मग दोस्तांच्या शेठजींच्या. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. मशीन तेव्हा थांबलं ते चार दिवस, त्यानंतर नाही.

फक्त पक्कं बिल मागणारं गिऱ्हाईक आलं, की काकू मधल्या भिंतीवर मूठ आपटायची. पलीकडं धाकट्या दिराचं कुलपांचं दुकान. त्याच्याकडं विक्रीकराचा नंबर होता, छापील बिलबुक होतं. बिल त्याच्या नावानं फाटायचं, आणि गिऱ्हाईक जाताना त्यालाच सांगायचं, "काम झकास करता हो!" दीर मान डोलवायचा. सवय लागली की माणूस कौतुकसुद्धा फुकटचं घेतो. काकूनं ते कधी मनावर घेतलं नव्हतं. निदान तसं दाखवलं तरी नव्हतं.

दवाखान्याचा स्टोअरकीपर आला तेव्हा काकू गळ्यात टेप अडकवून दारातच उभी होती. तो तिला ओलांडून सरळ कुलपांच्या दुकानात गेला.

"मालक, यंत्रांची नि चाकांच्या खुर्च्यांची मिळून एकशे चाळीस कव्हरं हवीत. होतील?"

"होतील की!" दीर म्हणाला. ना विचारणं, ना वळून बघणं.

त्या 'होतील की'नं काकूच्या अंगाची लाही झाली. शिवायची हिनं, नि होतील यानं म्हणायचं! ती पुढं झाली.

"शिवणार मी आहे, साहेब. बिलही माझ्याच नावानं मिळेल."

"नंबर आहे तुमचा?"

"येईल."

स्टोअरकीपरनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग कागद तुमच्या नावानं काढतो. पण एकदा नाव पडलं की बदलता येत नाही, बरं का. महिनाअखेरपर्यंत नंबर आला नाही, तर काम बाजारातल्या मोठ्या दुकानाला जाईल."

"काढा," काकू म्हणाली.

तो गेल्यावर दीर कपाळाला हात लावून बसला. "वहिनी, घरचा नंबर असताना ही कशाला उठाठेव? आकाशाला गवसणी घालायला निघालात तुम्ही!"

"माप आणा, भावजी. शिवून देते."

अर्ज भरायला सून बसली. ती कारखान्याच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या मालाच्या नोंदी करायची, त्यामुळं रकान्यांना घाबरणारी नव्हती. कटिंगच्या टेबलावरची कात्री, खडू नि दोऱ्याची रिळं बाजूला सारून तिनं लॅपटॉप मांडला.

"आई, धंद्याचं नाव काय टाकू?"

"माझं टाक."

"काकू कव्हरवाले असं?"

"अगं, नाव आहे मला! आख्खं टाक, बापाचं धरून. शाळा सुटल्यापासून कुणी वापरलेलं नाही, अजून कोरं करकरीत आहे."

सून हसत हसत टाइप करत गेली. मालक: त्याच. कामाचं स्वरूप: कव्हरं शिवणे. जागेचं माप? काकू उठली, टेप सोडला, खोली एकदा आडवी नि एकदा उभी मोजली आणि मशीनवर बसता बसता म्हणाली, "साडेदहा, साडेबारा."

अर्ज गेला. नवव्या दिवशी उत्तर आलं, आणि सुनेचा चेहरा उतरला. भाडेकरारात जागा दहा बाय बारा फूट, म्हणजे एकशे वीस चौरस फूट. अर्जात एकशे एकतीस. तफावतीचा खुलासा करावा. प्रत्यक्ष पाहणी होईल.

महिना संपायला सहा दिवस होते.

"अकरा चौरस फूट कुठं लपवलेत, वहिनी?" दीर दारातून म्हणाला. "मला तरी सांगायचं! माझ्याच भिंतीत घुसलात की काय?"

काकू शिवत राहिली. टाचेखाली मशीन, हातात रेक्झिन, आणि मनात एकच घोळ. मोजलं तर नीट होतं. एवढ्या वर्षांत तिचं एक कव्हर परत आलं नव्हतं. गिऱ्हाइकाचं माप चुकत नाही, मग स्वतःच्याच खोलीचं चुकावं? खरंतर तिला भीती नंबराची नव्हती. स्टोअरकीपर उद्या म्हणणार, बाईला साधी खोली मोजता आली नाही, ही कव्हरं काय शिवणार.

चौथ्या दिवशी पाहणीचा साहेब आला. बगलेत जाड फाइल, खिशात पोलादी टेप. त्यानं आधी रेक्झिनच्या गुंडाळ्या मोजल्या, मग मधली भिंत बोटानं ठोकून बघितली.

"पलीकडं कुणाचं दुकान?"

"माझ्या दिरांचं."

"त्यांचा नंबर आहे. म्हणजे धंदा एकच, नि कागदावर दोन, असं तर नाही ना? ही वाढीव जागा त्यांच्या दुकानातली तर नाही? खरं सांगा, हा कारखाना चालवतं कोण?"

दीर दाराशी येऊन उभा होता. काकूनं त्याच्याकडं बघितलं. आज 'माझाच आहे' असं तो म्हणाला असता, तर सगळं तिथंच मिटलं असतं, काकूही मिटली असती. दीर चाव्यांच्या जुडग्याशी खेळत राहिला.

"मोजून घ्या की, साहेब," काकू म्हणाली.

साहेबानं टेप ताणला. "रुंदी दहा."

"साडेदहा," काकूच्या तोंडून निघालं.

साहेबानं पुन्हा बघितलं. "दहाच आहे हो. आणि लांबी बारा."

"साडेबारा!" आणि दुसऱ्याच क्षणी काकूनं कपाळावर हात मारून घेतला. हसूच फुटलं तिला. असं हसू, की सून आतून पाणी घेऊन धावत आली.

"सापडले, साहेब! तुमचे अकरा फूट सापडले. शिवणीत गेले."

"खोलीला कसली शिवण?"

"खोलीला नाही, मला. अहो, जाड कापड दोनदा दुमडून शिवावं लागतं. ह्या कडेला चार बोटं, त्या कडेला चार बोटं. आमच्यात मोजलेलं माप पोटात ठेवायचं, आणि तोंडानं कापायचं माप बोलायचं. मी बसल्या बसल्या खोलीलाच कव्हर शिवलं!"

साहेबाला पटेना. सरकारी माणूस, हसण्यावर कसा विश्वास ठेवणार? काकूनं त्याच्या बगलेतली फाइल ओढून घेतली, वितीनं आडवी-उभी मोजली नि परत दिली. "सोळा इंच, एकवीस इंच. आता तुमच्या टेपनं बघा."

साहेबानं टेप लावला. दहा. दुसरीकडून लावला. पंधरा. मग त्यानं वजाबाकी केली आणि चार बोटं टेपवर आडवी ठेवून बघितली. तीन इंच. दोन कडांचे सहा. टेपही हरला, साहेबही.

"आणि कारखाना कुणाचा?" तो दिराकडं वळला, आवाज आता मऊ होता.

दिराच्या हातातला चाव्यांचा जुडगा थांबला. "साहेब, मला सुईत दोरा ओवता येत नाही," तो म्हणाला. "आजवर बिल तेवढं मी फाडत होतो. काम सगळं यांचं. अगदी पहिल्यापासून."

एवढं तो इतक्या वर्षांत कधी बोलला नव्हता. काकूनं मान खाली घातली नि उगाच बॉबिन बदलायला घेतली.

साहेबानं शेरा लिहिला: अर्जदाराने व्यवसायाच्या सवयीने शिवणीचा वाव धरला. प्रत्यक्ष जागा एकशे वीस चौरस फूट. नोंदणीस हरकत नाही. मग पेन खिशाला लावत हळूच विचारलं, "ह्या फाइलला कव्हर कितीला पडेल?"

"नंबर आल्यावर या. पक्क्या बिलावर देईन."

नंबर महिनाअखेरच्या आदल्या दिवशी आला. सुनेनं तो मोठ्यानं वाचला, काकूनं तो खडूनं मशीनच्या लाकडावर उतरवून घेतला आणि बिलबुकं छापायला टाकली. पुढचे पंधरा दिवस खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. एकशे विसात नाही आणि एकशे एकतिसातही नाही.

कव्हरं पोचवायला टेम्पो केला. गठ्ठे उतरवायला दीर आपणहून आला होता. दवाखान्याच्या खिडकीशी घामाघूम होऊन त्यानं शेवटचा गठ्ठा टेकवला, तेव्हा स्टोअरकीपरनं नवं कोरं बिल हातात घेतलं. वर ठळक अक्षरांत नाव, खाली नंबर, त्याखाली कराची रक्कम वेगळ्या ओळीत. सगळं नीट बघून त्यानं पेन दिरापुढं केलं.

"मालक, इथं सही."

दिरानं हात मागं घेतले, शर्टाला पुसले.

"मी हमाल आज," तो म्हणाला. "मालक ह्या."

काकूनं पेन घेतलं. सहीला जागा इवलीशी होती. तिनं आख्खं नाव लिहिलं, बापाचं धरून, आणि ते चौकटीच्या चांगलं चार बोटं बाहेर गेलं.